एकशे वीस पिशव्या

होळीच्या दिवशी सकाळी आरतीवहिनीने ओट्यावरची एक काळी पिशवी उचलली आणि कानिफदादाच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली. पिशवीत सीताफळाचं रोप होतं, वाळून काडी झालेलं. दादा काही बोलायच्या आत तिने विळ्याने पिशवी उभी फाडली. आतली माती भसकन खाली पडली आणि मूळ उघडं झालं. ते पिशवीच्या तळाला जाऊन आडवं वळलं होतं, मग पुन्हा वळलं होतं, असे पाच-सहा वेढे घेऊन हंड्याखालच्या चुंबळीसारखं गोल बसलं होतं.

"बघा," वहिनी म्हणाली. "खाली जायला जागा न्हाई म्हनून सवताभवतीच फिरलंय. तुमच्यावानी."

मी त्या वेळी त्यांच्या ओट्यावर बसले होते. आमची घरं एकाच भिंतीची, कानिफनाथ माझा चुलतभाऊ आणि त्याची आई बनुबाई माझी चुलती. बी.एस्सी. करून मी वर्षभर घरी होते, त्यामुळे या ओट्यावरची भांडणं मला सुरुवातीपासून ऐकायला मिळत.

हे भांडण दोन वर्षांचं होतं. वहिनीने माहेराहून आणलेल्या सीताफळांच्या बिया साठवून दोनशे चाळीस पिशव्या लावल्या होत्या. टेकडीपल्याडचा दीड एकराचा खडकाळ तुकडा बागेसाठी ठरला होता. खड्डे खणायचं काम दादाचं. पहिल्या वर्षी खड्डे झाले नाहीत आणि निम्म्या पिशव्या मेल्या. आता जिवंत रोपं बरोबर एकशे वीस उरली होती. वहिनी त्यांना हंड्यातलं उरलेलं पाणी तांब्याने मोजून घालायची.

त्या सकाळी तिने हिशेब सांगितला. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचा भाऊ गहिनीनाथ टेम्पो घेऊन येणार. त्याचं रान भिंगारच्या पलीकडे, तिथे खड्डे घेऊन तयार आहेत. ज्या रोपाला इथे खड्डा असेल ते राहील, बाकीची टेम्पोत जातील. होळी ते आखिती अठ्ठेचाळीस दिवस.

दादाने कप खाली ठेवला. त्याचे डोळे चमकले, आणि ती चमक आम्हा सगळ्यांच्या ओळखीची होती.

"आजच मुहूर्त करतो," तो म्हणाला. "राधाकृष्णभाऊला फोन लावतो. दनक्यात शुभारंभ करू."

गोठ्यातून बनुबाईचा आवाज आला. "लाव, लाव. गोठ्याला त्या कोपऱ्यात गळतंय. एक फ्लेक्स कमीच हाय."

हे गोठ्याचं प्रकरण समजायला राधाकृष्ण समजला पाहिजे. हा आमच्या गावचा मित्रमंडळवाला. त्याला कधीतरी जिल्हा परिषदेला उभं राहायचं आहे, म्हणून तो गावात जे जे सुरू होतं त्याला शाल, नारळ आणि शेवगावहून छापून आणलेला फ्लेक्स देतो. फ्लेक्सवर सुरू करणाऱ्याचा फोटो लहान आणि राधाकृष्णाचा मोठा असतो. संपलेल्या कामाला तो जात नाही. संपलेली कामं आमच्या गावात फार होत नाहीत, हेही खरं. आणि कानिफदादा तर सुरू करण्यात पटाईत. शेळीपालन, गांडूळखत, कुक्कुटपालन, सीताफळ बाग. चार शुभारंभ, चार शाली, चार फ्लेक्स. काम बुडालं की बनुबाई फ्लेक्स उतरवून गोठ्याच्या छपरावर टाकायची. शेळीपालनापासून बागेपर्यंतच्या या फ्लेक्सांखाली आता पाच शेळ्या बांधलेल्या असत. त्या घोडेगावच्या बाजारातून बनुबाईने स्वतः आणल्या होत्या, कसलाही मुहूर्त न करता. रवंथ करत त्या वर बघायच्या आणि वरून त्यांच्याकडे फेटा बांधलेला दादा हात जोडून हसत असायचा. चारदा.

गावाचं म्हणणं, कानिफ आळशी आहे. हे मला पटत नव्हतं, कारण ते निरीक्षणाशी जुळत नव्हतं. दुसऱ्याचे कांदे भरायला गेला तर हाच माणूस दिवसभरात ट्रॉली भरतो आणि वर शेजाऱ्याची अडकलेली मोटर काढून देतो. अंगात दम होता, डोकं होतं, बागेची इच्छाही होती. मग अडत कुठे होतं?

मी वहीत लिहून काढलं. शेळीपालनाच्या शुभारंभाला शंभर माणसं आणि जेवण होतं, काम टिकलं तीन दिवस. गांडूळखताला चाळीस माणसं आणि चहा, काम टिकलं आठ दिवस. कोंबड्यांना जेवण होतं, पाच दिवस. बागेला सव्वा वर्षापूर्वी मार्गशीर्षात पुन्हा जेवण आणि वर राधाकृष्णाचं भाषण, चार दिवसांत अकरा खड्डे आणि मग काही नाही. त्या खड्ड्यांत पावसाळ्यात गाळ भरला. चार नोंदींवरून सिद्धांत मांडू नये, एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं. पण पाचवी नोंद मला न्हाणीघराची सापडली. ते दादाने एकट्याने बांधलेलं, पायापासून पत्र्यापर्यंत, बावीस दिवसांत. साल बघितलं तर करोनाचं. गाव बंद होतं आणि शाल घालायला कुणाला घराबाहेर पडता येत नव्हतं.

त्याच दुपारी मी वही घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने अजून राधाकृष्णाला फोन केला नव्हता, फेटा धुवायला टाकला होता. मी नोंदी वाचून दाखवल्या. आधी तो हसला, मग चिडला, मला म्हणाला की तुझ्या वहीला काय कळतंय. मी न्हाणीघराचं विचारलं. तो नखाने जमिनीवर रेघा मारत राहिला.

"खरं सांगू का," तो म्हणाला. "शाल अंगावर पडली ना, की काम झाल्यागत वाटतं. लोक टाळ्या वाजवत्यात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी पहार हातात घेतली की वाटतं, हे तर आपुन केलंय. परत कशाला?"

इतकं स्वच्छ उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. जेवायच्या आधीच ढेकर येत असेल तर माणूस ताटावर बसेल कशाला?

बनुबाई दारात मिसरी लावत सगळं ऐकत होती. तिने चूळ भरली आणि निकाल दिला. कुणाला काही सांगायचं नाही. उलट कानिफने बाग सोडली असं तीच गावात सांगणार. दादाने रोज शेळ्या घेऊन टेकडीपल्याड जायचं, पहार आणि टिकाव आधीच तिकडे नेऊन ठेवायचा. रान रस्त्यावरून दिसत नाही. शेळ्या चरतील, हा खणेल.

दादा म्हणाला, लोक हसतील.

"आत्ता काय आरती ओवाळत्यात व्हय," बनुबाई म्हणाली.

संध्याकाळी दुधाची किटली घेऊन ती केंद्रावर गेली आणि भरल्या रांगेत तिने पोराची लाज काढली. पोराने पहार टाकली, आता तो शेळ्या राखणार, त्याच्या बापाने नाव तेवढं नाथाचं ठेवलं, गुण काय दिले नाहीत, असं बरंच. तिला खोटं बोलताना काही त्रास झाला नाही. मला वाटतं, त्यातलं बरंचसं तिला कधीपासून बोलायचंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाव दादावर तुटून पडलं. सलूनमध्ये न्हाव्याने विचारलं, मेंढपाळाची दाढी करायची की लोकर कापायची? गिरणीत वाल्मिक भेटला. वाल्मिकची एक म्हैस आहे आणि तिच्यापेक्षा जास्त वेळ तो गिरणीसमोर बसून असतो. तो म्हणाला, फ्लेक्स छापायचा का शेळ्या राखायचा, पाचवा? दादाने काही उत्तर द्यायचं नाही, असा बनुबाईचा हुकूम होता. तो दळण उचलायचा, घरी टाकायचा आणि टेकडी चढायचा. मी अधूनमधून भाकरी पोचवायला जायची तेव्हा पहारीचे घाव दुरून ऐकू यायचे. वर चार बोटं माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा कातळ. पहार कातळावर आपटली की ठिणगी उडायची. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, असा एक खड्डा घ्यायला दोन तास लागत, कातळ लागला तर तीन. उन्हाने दगड एवढे तापत की वहिनीने दिलेलं फडकं हाताला गुंडाळल्याशिवाय उचलता येत नसत.

चौदा दिवसांत अडतीस खड्डे झाले. ज्या दिवशी वाल्मिक भेटे त्या दिवशी चार होत, पण वाकडे. मी पट्टी लावून बघितले. रागात मारलेली पहार सरळ जात नाही.

मला वाटलं, जमलं. इथे माझी वही चुकली. गावाला एकाच माणसाला किती दिवस हसता येणार? तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कुणाची तरी सून माहेरी निघून गेली आणि गाव तिकडे वळलं. दादाला कुणी काही विचारेना. न्हावी गुपचूप दाढी करू लागला. वाल्मिक त्याला बघून नुसती मान हलवायचा. कौतुक आधीच बंद केलेलं, आता टिंगलही बंद झाली. आणि दादाचा हात थांबला. नऊ दिवसांत सात खड्डे. त्यातले चार दिवस एकही नाही.

मी गेले तेव्हा तो बोरीच्या सावलीत पडून होता. शेळ्या चरत होत्या, पहार जमिनीत उभी रोवलेली होती. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही झालं नाही, मनच होत नाही. मन झालं की दोन दिवसांत भरून काढतो. मी त्याला ध्येयाविषयी, सवयीविषयी, मोबाईलवर वाचलेलं काहीबाही सांगितलं. तो भक्तिभावाने ऐकत राहिला. मी बोलत होते तोपर्यंत त्याला फार बरं वाटत असावं. मी उठले तेव्हा तो कुशीवर वळला.

ओट्यावर येऊन मी हे सांगितलं. बनुबाईने कपाळावर हात मारला. वहिनी मात्र भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "त्यांच्या मनाला इचारतंय कोन?"

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी ती तीन पिशव्या पाटीत घालून टेकडी चढली. रानात चुन्याने जागा आखलेल्याच होत्या. पुढच्या तीन खुणांवर तिने एकेक पिशवी ठेवली, उघड्यावर. दादा शेळ्या घेऊन पोचला तेव्हा ती परत निघाली होती. तिने नियम सांगितला. खड्डा झाला की ते रोप संध्याकाळी घरी येईल. नाही झाला तर ते रात्रभर तिथेच राहील. ससे आहेत, डुकरं आहेत, आणि सकाळी पुन्हा शेळ्या आहेतच.

दादा हबकला. दोन वर्षं पोटच्या पोरासारखी जपलेली रोपं ही बाई सशापुढे टाकणार?

"पिशवीत मरायचीच हायेत," वहिनी म्हणाली. "तितं ओट्यावर माझ्या डोळ्यांदेखत मरत्यात. हितं तुमच्या मरूद्या."

त्या दिवशी त्याने दोन खड्डे घेतले. तिसऱ्याला कातळ लागला, त्याने टिकाव टाकला आणि दोन रोपं घेऊन घरी आला. त्याला वाटलं होतं, वहिनी रात्री बॅटरी घेऊन जाईल आणि तिसरं आणेल. वहिनी जेवून झोपली. सकाळी त्या खुणेवर फाटलेली पिशवी होती आणि कुरतडलेलं खोड. दादाने ते खोड उचललं, चार बोटांचं होतं, आणि कितीतरी वेळ हातात धरलं. मग त्याने कातळावर पहार घातली. रोप गेलेलं असताना तो खड्डा त्याने का पुरा केला, हे मी विचारलं नाही. वहीत नुसता आकडा लिहिला.

त्यानंतर मन झालं की नाही याची चर्चा बंद झाली. तीन पिशव्या उन्हात असायच्या आणि संध्याकाळ व्हायची. मी मुद्दाम विचारायची, आज उत्साह कसा आहे? तो म्हणायचा, "न्हाई." आणि पहार मारत राहायचा. एके दिवशी तो मला म्हणाला, गंमत सांगतो, दुसरा खड्डा निम्मा झाला की मन येतंय, शेळीसारखं, मागून आपलं आपलं. आधी कधीच येत नाही. एवढं बोलून त्याला लगेच शरम वाटली असावी, कारण त्याने मला भाकरी ठेवून घरी जायला सांगितलं. अजून एक रोप सशाने खाल्लं. राहिली एकशे अठरा.

आखितीला पाच दिवस उरले होते आणि खड्डे सत्त्याण्णव झाले होते, तेव्हा वाल्मिकची म्हैस दावं तोडून टेकडीपल्याड गेली. तिला शोधत वाल्मिक वर आला आणि खाली बघून जागच्या जागी उभा राहिला. एका रेषेत खड्डेच खड्डे, प्रत्येकाच्या कडेला मुरमाची रास, आणि मधोमध बनियनवर कानिफ. म्हैस त्याच दिवशी सापडली की नाही मला ठाऊक नाही. बातमी मात्र तासाभरात गिरणीपर्यंत गेली होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला राधाकृष्ण आला. पांढरे कडक कपडे, मागे पंधरावीस माणसं, दोघांच्या खांद्यावर गुंडाळी केलेला फ्लेक्स. रातोरात शेवगावहून छापून आणला होता. उलगडला तर त्यावर लिहिलेलं, 'सीताफळ बागेचा भव्य शुभारंभ'. सत्त्याण्णव खड्ड्यांनंतर शुभारंभ. मी बनुबाईकडे बघितलं. ती भाकरी घेऊन माझ्याबरोबर आली होती. मला वाटलं, आता ही सगळ्यांचा उद्धार करेल. पण ती धोंड्यावर बसली आणि पदराने वारा घेत राहिली. तिचं लक्ष फक्त पोराच्या तोंडाकडे होतं.

राधाकृष्णाने छोटंसं भाषण केलं. गावाने ज्याला हिणवलं त्या कानिफनाथवर मंडळाचा पहिल्यापासून विश्वास होता, असं तो म्हणाला. न्हाव्याने टाळ्या वाजवल्या, वाल्मिकनेही. मोबाईल वर झाले. राधाकृष्णाने शाल झटकली आणि दादाच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला. आणि दादा हसला. तेच हसू, गोठ्याच्या छपरावरचं. खांदे सैल पडले, हातातली पहार बाजूच्या राशीला टेकली गेली. शिल्लक एकवीस रोपं होती आणि हा माणूस माझ्यासमोर ढेकर देणार होता.

समोर चुन्याच्या तीन खुणांवर तीन पिशव्या होत्या. ऊन वर आलं होतं आणि एका रोपाची पानं खाली वळायला लागली होती. दादाचं लक्ष तिकडे गेलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

त्याने नारळ बनुबाईच्या ओटीत ठेवला. शाल खांद्यावरून ओढली, लांब धरून पिळली, हाताभोवती दोन वेढे घेतले, टोक आत खोचलं आणि झालेली चुंबळ डोक्यावर ठेवली. मग मुरमाने भरलेल्या पाटीजवळ जाऊन वाकला.

"भाऊ," तो राधाकृष्णाला म्हणाला, "जरा हात लावा. पाटी उचलू द्या."

मोबाईल चालूच होते. राधाकृष्णाला मागे सरता येईना. त्याने एका बाजूने पाटीला हात लावला, ती त्याच्या अंदाजापेक्षा जड निघाली, पांढऱ्या सदऱ्यावर लाल मुरूम सांडला. दादा पाटी घेऊन बांधाकडे गेला, ओतून परत आला आणि रिकामी पाटी भरायला लागला. भरली की पुन्हा म्हणाला, भाऊ, हात लावा. तिसऱ्या पाटीला राधाकृष्णाला कुठल्याशा दहाव्याला जायची आठवण झाली. न्हाव्याला गिऱ्हाईक आठवलं. फ्लेक्स न्यायचं कुणालाच आठवलं नाही. बनुबाईने त्याची गुंडाळी करून सावलीच्या कामाला ठेवली.

"माणसं कामाला लावायची ही रीत बरी हाय," ती एवढंच म्हणाली. "एक शाल आन तीन पाट्या."

आखितीला सकाळी आंब्याच्या रसाचं जेवण झालं. दुपारी गहिनीनाथचा टेम्पो दारात आला. खड्डे एकशे नऊ झाले होते. मला वाटलं, वहिनी आता सोडून देईल. रोपं नऊच तर उरली होती, आणि आठवडाभरात त्यांचेही खड्डे झाले असते. बनुबाईने तसं सुचवूनही बघितलं, जन्मात पहिल्यांदा पोराच्या बाजूने. वहिनीने ओट्यावरून नऊ पिशव्या मोजून वेगळ्या केल्या. तिचे डोळे भरलेले होते, पण मोजणं चुकलं नाही.

दादानेच त्या नऊ पिशव्या एकेक करून टेम्पोत नेल्या, खाली पोतं अंथरलं, मध्ये विटा लावल्या म्हणजे पडणार नाहीत. शेवटची पिशवी ठेवताना मेहुण्याला म्हणाला, मुळं वाढलीत, लावताना पिशवी सगळी फाडा, वेढे सोडवा. गहिनीनाथ म्हणाला, व्हय. टेम्पो धुरळा उडवत निघून गेला.

वहिनी आत गेली. ऊन कलल्यावर मी वही काढली आणि शेवटचा आकडा लिहिला, खाली रेघ मारली. एकशे वीसपैकी एकशे नऊ. प्रयोग संपला होता. ओट्यावर पहिल्यांदाच एवढं शांत वाटत होतं, म्हणून तो आवाज लवकर ऐकू आला. टेकडीपल्याडून, सावकाश, एका लयीत. पहार कातळावर पडत होती.

बनुबाईने मान वळवून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग तिने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अगं, कोनीतरी सांगा त्याला. टेम्पो गेला म्हनावं."

सांगायला कुणी उठलं नाही.